बीट अराउंड द बुश : झुडूप बडवायचं, पण पक्ष्याला हात लावायचा नाही

‘बीट अराउंड द बुश’चा अर्थ डिक्शनरीत एका ओळीत संपतो, मुद्द्यावर न येता आजूबाजूचं बोलत राहणं. ब्रिटिश लोक अराउंडच्या जागी अबाउट म्हणतात, ‘बीट अबाउट द बुश’, अर्थ तोच. पण एवढंच पाठ करून वापरायला गेलं की घोळ होतो, कारण मग जो जास्त बोलतो त्याला, जो खोटं बोलतो त्याला, जो विषय बदलतो त्याला आणि जो बिचारा नीट नम्रपणे बोलतोय त्यालाही हेच लेबल चिकटवलं जातं. हे चारही वेगळे प्रकार आहेत आणि वाक्प्रचार त्यातल्या एकालाही नेमका लागू होत नाही. तो कोणाला लागू होतो हे कळायला आधी ती झुडपं बडवायची भानगड काय होती ते बघावं लागतं.

तर ही भानगड शिकारीतली. मध्ययुगीन इंग्लंडात पक्षी पकडायची एक पद्धत अशी होती की काही माणसं काठ्या घेऊन झुडपं बडवायची, आत दडलेले पक्षी घाबरून बाहेर उडायचे आणि बाहेर जाळी घेऊन उभी असलेली दुसरी माणसं त्यांना धरायची. रात्रीच्या शिकारीत मशालीही असायच्या, म्हणजे झोपेतून उठलेला पक्षी उजेडाने बावचळायचा आणि जाळ्यात सापडायचा. आपल्याकडे ज्यांना हाकारे म्हणतात ना, रान उठवणारे, तीच ही बडवणारी माणसं. आता ह्यात कामाची वाटणी लक्षात घ्या, बडवणारा वेगळा आणि धरणारा वेगळा. हाकाऱ्याचं काम खरं आहे, मेहनतीचं आहे, त्याच्याशिवाय पक्षी बाहेर येणारच नाही, पण पक्षी काही त्याच्या हातात येत नाही.

त्यामुळे सुरुवातीला ह्या शब्दांचा रोख भलतीकडेच होता. 1440 च्या आसपासचं ‘जेनेरिडीस’ नावाचं एक इंग्रजी पद्य आहे, कवी कोण ते माहीत नाही, त्यात अशा अर्थाची ओळ येते की फार पूर्वीपासून म्हणतातच, काही जण झुडूप बडवतात आणि काही जण पक्षी घेऊन जातात. म्हणजे 1440 मध्येच ही म्हण जुनी झालेली होती! आणि अर्थ काय, तर कष्ट एकाचे आणि फळ दुसऱ्याला, आपल्या आयत्या बिळावर नागोबाच्या जवळपासचं काहीतरी. टाळाटाळीचा संबंधच नाही. पुढे 1572 मध्ये जॉर्ज गॅस्कॉइन नावाच्या कवीने लिहिलं की तो झुडपाभोवती बडवत राहिला आणि तोवर दुसऱ्यांनी पक्षी धरले. इथे तो ‘अबाउट’ आत शिरलेला दिसतो, आणि मला वाटतं सगळी गंमत त्या एका छोट्या शब्दात आहे, कारण झुडूप बडवणं हे काम झालं पण झुडपाभोवती बडवणं म्हणजे आता कामाच्या भोवती फिरणं झालं. हळूहळू तो दुसरा माणूस, पक्षी पळवणारा, म्हणीतून गळूनच गेला आणि उरला फक्त काठी घेऊन गोल गोल फिरणारा.

आज आपण वापरतो तो अर्थ इथून येतो, आणि म्हणूनच मी म्हणतो की ह्या वाक्प्रचारात पक्षी असायलाच पाहिजे. बोलणाऱ्याकडे सांगायची एक नेमकी गोष्ट आहे, ती कुठे आहे हे त्याला माहीत आहे, तो तिच्या अगदी जवळ उभा आहे, आणि तरी हात घालत नाहीये. हे सगळं एकत्र असेल तरच बीटिंग अराउंड द बुश. उदाहरणार्थ मित्राला उसने पैसे मागायचेत आणि माणूस फोन करून आधी तब्येत विचारतो, मग नोकरीचं विचारतो, मग महागाई किती वाढलीय ह्यावर येतो, मग म्हणतो ‘ह्या महिन्यात जरा ओढाताणच चाललीय यार’, आणि मित्र नुसतं ‘हो ना’ म्हणाला की परत तब्येतीवर जातो. बघा, महागाई, ओढाताण, सगळं त्याच झुडपाच्या भोवतीचं आहे. फक्त ‘दोन हजार देतोस का’ हे चार शब्द सोडून.

नुसतं लांबण लावणारा माणूस वेगळा. त्याला काही टाळायचं नसतं, त्याला बोलायलाच आवडतं, आणि त्याच्यासाठी आपल्याकडे नमनाला घडाभर तेल आहेच. हा शेवटी मुद्द्यावर येतो, फक्त तोपर्यंत ऐकणारा थकलेला असतो. खोटं बोलणाराही वेगळा, तो तर मुद्द्यावर थेट येतो आणि मुद्दाच चुकीचा सांगतो. विषय बदलणाऱ्यासाठी इंग्रजीत ‘रेड हेरिंग’ आहे, तो खारवलेला, धुरावलेला उग्र वासाचा मासा, जो वाटेत टाकून शिकारी कुत्र्यांची दिशा चुकवायची असं विल्यम कॉबेट ह्या पत्रकाराने 1807 मध्ये एका गोष्टीत लिहिलं आणि तिथून तो शब्द पसरला. रेड हेरिंगवाला तुम्हाला दुसऱ्याच रानात नेऊन सोडतो. झुडूप बडवणारा मात्र त्याच रानात असतो, त्याच झुडपापाशी. मराठीत ह्याच्या सगळ्यात जवळचं मला ‘ताकाला जाऊन भांडं लपवणं’ वाटतं, कारण तिथेही माणूस दारापर्यंत पोचलेला असतो, काय हवंय ते त्याला पक्कं माहीत असतं, आणि नेमकी तीच गोष्ट पाठीमागे धरलेली असते. आढेवेढे घेणं, आडवळणाने बोलणं हेही चालतं, पण भांडं लपवण्यात जी लाज आहे ती त्यात नाही.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो ते, म्हणजे सूचक बोलणं. लोकांना वाटतं की थेट नाही बोललं म्हणजे झुडूप बडवलं. अजिबात नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस ह्यांचा ‘लॉजिक अँड कॉन्व्हर्सेशन’ नावाचा गाजलेला निबंध आहे, 1967 मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांतला, छापून आला 1975 मध्ये. त्यात ते एक उदाहरण देतात. एक विद्यार्थी तत्त्वज्ञान शिकवायच्या नोकरीला अर्ज करतो आणि त्याच्या प्राध्यापकांना शिफारसपत्र मागितलं जातं. प्राध्यापक लिहितात की ह्याचं इंग्रजी उत्तम आहे आणि हा तासांना नियमित हजर असायचा. सही. बस्स! तत्त्वज्ञानाबद्दल एक अक्षर नाही. आणि वाचणाऱ्याला क्षणात कळतं की हा मुलगा काही कामाचा नाही. ग्राइस ह्यांचं म्हणणं असं की आपण बोलताना एकमेकांना सहकार्य करतोय हे आपण गृहीत धरतो, म्हणजे समोरचा पुरेसं बोलेल, खरं बोलेल, विषयाला धरून बोलेल आणि स्पष्ट बोलेल, आणि जेव्हा तो ह्यातलं काहीतरी मुद्दाम उघडपणे मोडतो तेव्हा आपण लगेच त्यामागचा अर्थ शोधतो. त्या पत्रात मुद्दा एकदाही उच्चारलेला नाही आणि तरी तो सरळ जाऊन पोचला. शिफारसपत्र एवढं जहरी असू शकतं हे वाचून मला पहिल्यांदा हसूच आलं होतं.

तर सूचक बोलणाऱ्याची इच्छा असते की तुम्हाला कळावं. झुडूप बडवणाऱ्याची अर्धी इच्छा कळावं अशी असते आणि अर्धी इच्छा कळू नये अशी, आणि ह्या दोन अर्ध्यांच्या ओढाताणीत वाक्यं लांबत जातात.

हेच मुद्दाम, सराईतपणे करणारे लोक म्हणजे राजकारणी. ब्रिटिश टीव्हीवरची 13 मे 1997 ची मुलाखत ह्यासाठी प्रसिद्ध आहे. बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ कार्यक्रमात जेरेमी पॅक्समन ह्यांनी माजी गृहमंत्री मायकल हॉवर्ड ह्यांना एक साधा प्रश्न विचारला, तुरुंग खात्याच्या प्रमुखाला तुम्ही त्याचा निर्णय डावलायची धमकी दिली होती का. हो किंवा नाही. हॉवर्ड म्हणाले की मला काय करायचा अधिकार होता आणि काय नव्हता ह्याबद्दल मी सल्ला घेतला होता, मी त्याला आदेश दिला नाही, वगैरे. पॅक्समन ह्यांनी तोच प्रश्न परत विचारला. परत. असं करत तोच प्रश्न बाराएक वेळा झाला आणि हो-नाही काही शेवटपर्यंत आलं नाही. गंमत म्हणजे पॅक्समन ह्यांनी नंतर सांगितलं की पुढच्या बातमीची टेप तयार नव्हती म्हणून वेळ काढायला तेच विचारत राहिलो. इथे लक्षात घेण्यासारखं असं की हॉवर्ड एकदाही विषय सोडून गेले नाहीत. तुरुंग, अधिकार, सल्ला, आदेश, सगळं त्या प्रश्नाला चिकटूनच होतं, आणि म्हणूनच एकदा विचारून सोडलं असतं तर बहुतेकांना वाटलं असतं की उत्तर मिळालं.

हे मी अंदाजाने म्हणत नाहीये. टॉड रॉजर्स आणि मायकल नॉर्टन ह्या दोन संशोधकांनी ह्यावर प्रयोग केले होते, 2011 मध्ये ते प्रसिद्ध झाले. वक्त्याचं उत्तर सगळ्यांना एकच ऐकवलं, आरोग्यसेवेबद्दलचं, पण आधीचा प्रश्न बदलला. प्रश्न आरोग्यसेवेचा असेल तर प्रश्नच नाही, पण प्रश्न ड्रग्जच्या समस्येचा असला तरीसुद्धा लोकांना टाळाटाळ फारशी जाणवली नाही, कारण दोन्ही विषय शेजारचे. प्रश्न दहशतवादाचा होता तेव्हा मात्र पकडलं. आणि उत्तर चालू असताना मूळ प्रश्न स्क्रीनवर लिहून दाखवला की टाळाटाळ जास्त लोकांना दिसायला लागली. म्हणजे झुडपाच्या जितक्या जवळ बडवाल तितकं ते काम केल्यासारखं दिसतं. मीटिंगमध्ये प्रश्न बोर्डावर लिहून ठेवायची सवय लोक हसण्यावारी नेतात पण तिचा उपयोग नेमका इथे आहे.

बरं, राजकारणी सोडा, साधी माणसं असं का करतात? अर्व्हिंग गॉफमन ह्या समाजशास्त्रज्ञाने 1955 मध्ये ‘फेस’ची कल्पना मांडली, म्हणजे चारचौघांत आपली जी एक प्रतिमा आपण सांभाळत असतो ती. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन ह्यांनी त्यावर पुढे अख्खा सिद्धांत उभा केला की माणसाला दोन गोष्टी हव्या असतात, लोकांनी मला चांगलं म्हणावं आणि लोकांनी माझ्या मोकळेपणात लुडबुड करू नये. आता विचार करा, पैसे मागणं, चूक दाखवणं, नकार देणं, नातं तोडणं, राजीनामा देणं, ह्यातली प्रत्येक गोष्ट समोरच्याच्या किंवा आपल्या इभ्रतीला कुठेतरी धक्का लावते. म्हणून आपण शब्दांची गादी घालतो. थोडी गादी सगळेच घालतात आणि घालावीच, नाहीतर माणसं एकमेकांशी बोलूच शकणार नाहीत. प्रॉब्लेम तेव्हा होतो जेव्हा माणूस गादीवर गादी रचत जातो आणि वर ठेवायची वस्तू ठेवतच नाही.

अजून एक कारण आहे जे कोणी फारसं कबूल करत नाही, ते म्हणजे बोलणाऱ्यालाच मुद्दा सापडलेला नसतो. ऑफिसच्या ईमेलमध्ये आणि रिपोर्टमध्ये हे इतकं दिसतं की काय सांगू, तीन परिच्छेद पार्श्वभूमी, दोन परिच्छेद आव्हानं, आणि शेवटी ‘ह्यावर सर्वांगाने विचार होणे आवश्यक आहे’. ह्याला लोक सर्रास बीटिंग अराउंड द बुश म्हणतात, पण माझ्या मते हे त्याच्याहून वाईट, इथे झुडपात पक्षीच नाहीये. म्हणून समोरच्यावर चिडायच्या आधी बघावं की हा टाळतोय की ह्याला खरंच माहीत नाहीये, कारण टाळणाऱ्याला धीर द्यावा लागतो आणि माहीत नसलेल्याला वेळ.

ह्या सगळ्याची किंमत बहुतेक वेळा फक्त कंटाळा एवढीच असते. पण नेहमी नाही. 25 जानेवारी 1990 ला कोलंबियातून न्यूयॉर्कला आलेलं अविआन्का कंपनीचं फ्लाइट 52, बोइंग 707, खराब हवेमुळे आणि गर्दीमुळे विमानतळाच्या वाटेवर आकाशात सव्वा तासाहून जास्त वेळ घिरट्या घालत थांबवलं गेलं. इंधन संपत चाललं होतं. को-पायलटने कंट्रोलरला, म्हणजे जमिनीवरून विमानांना रेडिओवर सूचना देणाऱ्याला, सांगितलं की आम्हाला प्रायॉरिटी हवी आहे असं वाटतं. मग पहिल्यांदा उतरायचा प्रयत्न फसला, आणि कॅप्टनने त्याला सांगितलं की त्यांना सांग, इमर्जन्सी आहे. तो रेडिओवर काय म्हणाला, तर दिशा सांगितली ती समजली, आम्ही परत प्रयत्न करतो, आणि हो, आमचं इंधन संपतंय. ‘इमर्जन्सी’ हा शब्द नाही. कंट्रोलरने विचारलं की तुम्हाला पंधरा मैल लांब नेऊन परत वळवतो, तुमच्या इंधनाला चालेल ना? उत्तर आलं, ‘आय गेस सो, थँक यू व्हेरी मच.’ थोड्या वेळात इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळलं. 158 पैकी 73 माणसं गेली.

ह्याला कोणी बीटिंग अराउंड द बुश म्हणणार नाही, म्हणूही नये, तो माणूस काही लपवत नव्हता. पण मला हे उदाहरण इथे द्यावंसंच वाटतं कारण बोलण्याची रचना बघा, प्रायॉरिटी, इंधन, परत प्रयत्न, सगळे शब्द त्या एका शब्दाच्या भोवतीचे आणि तो एक शब्द सोडून. इंधन कमी आहे हे तर उतरायच्या रांगेतलं कोणतंही विमान म्हणू शकतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते नेहमीचं वाटलं. तपासात क्रूने इमर्जन्सी नीट कळवली नाही हे तर आलंच, शिवाय इंधनाबद्दल सगळ्यांना एकाच अर्थाने कळतील असे ठरलेले शब्द नव्हते हेही आलं. आता तसे शब्द आहेत, ‘मिनिमम फ्युएल’, म्हणजे आता आणखी उशीर परवडणार नाही, आणि त्यापुढचं ‘मेडे फ्युएल’, म्हणजे इंधनाची थेट इमर्जन्सी. संकोची माणसाला धाडस शिकवत बसण्यापेक्षा त्याच्या हातात तयार शब्द देणं सोपं, आणि ही युक्ती विमानाबाहेरही चालते.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण ‘सरळ मुद्द्यावर या’ म्हणणाऱ्या लोकांना कधीकधी फार माज असतो. डॉक्टरांना वाईट बातमी कशी द्यायची हे शिकवायला ‘स्पाइक्स’ नावाची सहा पायऱ्यांची पद्धत आहे, 2000 मध्ये कॅन्सरच्या डॉक्टरांसाठी मांडलेली. त्यात बातमी चौथ्या पायरीवर येते! आधी शांत जागा बघायची, मग पेशंटला काय माहीत आहे ते विचारायचं, मग किती जाणून घ्यायचंय ते विचारायचं, आणि चौथ्या पायरीवर आधी ‘बातमी चांगली नाहीये’ असं एक वाक्य सूचनेसारखं टाकायचं आणि मग साध्या शब्दांत सांगायचं. वरवर बघणारा म्हणेल की हा डॉक्टर झुडूप बडवतोय. तर तो खरंच बडवतोय, पण मूळ अर्थाने, हाकाऱ्यासारखा, पक्षी बाहेर यावा म्हणून. चौथ्या पायरीवर तो बोलतोच. जो डॉक्टर ‘रिपोर्टमध्ये थोडे बदल दिसतायत, बघू, अजून एक टेस्ट करू’ एवढंच म्हणून उठतो, त्याच्यासाठी आजचा अर्थ.

म्हणून कोणी प्रस्तावना करायला लागलं की लगेच घड्याळ बघू नये. आपण स्वतः अडकत असू तर अमेरिकन सैन्यात लिहायची जी रीत आहे ती घ्यावी, बॉटम लाइन अप फ्रंट, निष्कर्ष पहिल्या ओळीत आणि कारणं खाली. चॅटवर तर ही फार उपयोगी, कारण नुसतं ‘हाय, बिझी आहेस का?’ टाकून गप्प बसणारी माणसं म्हणजे झुडपाला एक काठी मारून घरी गेलेले हाकारेच. ‘हाय, उद्याची मीटिंग चारला करू शकतो का, पाचला मला जायचंय’ एवढं एका दमात लिहिलं की झालं. आणि समोरचा अडकला असेल तर ‘स्टॉप बीटिंग अराउंड द बुश’ हे वाक्य फार जपून वापरा, मित्राला चालेल, वरिष्ठांना किंवा अनोळखी माणसाला ते फटकारल्यासारखं लागतं. त्यापेक्षा त्याचा पक्षी आपणच बाहेर काढून द्यावा, ‘तुला पैसे हवेत का?’ असं शांतपणे विचारावं. मी बघितलंय की अशा वेळी माणूस चिडत नाही, सुटल्यासारखा हसतो.

वापराचं थोडं. भूतकाळातही ‘बीट’च राहतं, ‘ही बीट अराउंड द बुश फॉर टेन मिनिट्स’, बीटेड असं काही नसतं, आणि हॅव-हॅड नंतर ‘बीटन’. बऱ्याचदा तो नकारासोबतच येतो, ‘आय वोंट बीट अराउंड द बुश’, म्हणजे थेट सांगतो, आणि असं म्हणून पुढे पाच मिनिटं थेट न सांगणारे लोकही असतातच. ‘कट टू द चेस’ म्हणजे पाल्हाळ सोडून मुद्द्यावर ये, तो मूकपटांच्या काळातला, प्रेमाचे सीन कापा आणि पाठलाग दाखवा. फ्रेंच लोक भांड्याभोवती फिरतात, जर्मन गरम पेजेभोवती बोलतात, स्पॅनिश फांद्याफांद्यांवरून जातात आणि इटालियन कुत्र्याला खळ्यात फिरवत बसतात, म्हणजे ही सवय कोणा एकाची नाही. आणि ‘अराउंड’ गाळून ‘बीट द बुशेस’ म्हणालात तर अमेरिकेत त्याचा अर्थच बदलतो, तिथे त्याचा अर्थ कसून शोध घेणं, म्हणजे नोकरीसाठी माणसं शोधायला सगळीकडे पायपीट केली तर ‘वी बीट द बुशेस’, त्यात टाळाटाळ काहीच नाही, त्यामुळे ते दोन एकमेकांच्या जागी टाकू नका.